मुरारी उतेकरचं अभेद्य दार

महाडात 'सरिता-दर्शन' नावाची एक दोन मजली इमारत आहे. बिल्डरने दिलेला शब्द पाळल्याचं ते तालुक्यातलं दुर्मीळ उदाहरण मानावं लागेल. सरितेचं दर्शन इथे पावसाळ्यात हमखास होतं आणि त्यासाठी गॅलरीतही जावं लागत नाही. सरिता स्वतः जिन्यापर्यंत येते.

त्यामुळे इमारतीत एक रीत पडली आहे. पुराचा भोंगा वाजला की खालच्या बिऱ्हाडांनी आपलं सामान उचलायचं आणि दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवायचं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडं ठेवायचं, आणि बाहेर जायचं असेल तर चावी जिन्यातल्या खिळ्याला अडकवून जायचं. असं कुठेही लिहिलेलं नाही. पण मोठ्या पुरानंतर महाडात काही गोष्टी लिहून ठेवायची गरजच उरलेली नाही.

दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट दोन. त्यातल्या एकाचे मालक मुंबईला असतात. त्यांनी दाराबाहेर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातलंय, आणि तेव्हापासून इमारतीत त्यांचं नाव कोणी घेत नाही. 'ते जाळीवाले' म्हणतात. दुसरा फ्लॅट मुरारी उतेकरचा.

मुरारी बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. बायको नूतन पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका. दोघंही दिवसभर बाहेर, आणि चावी खिळ्यावर. पावसाळ्यात घरी आल्यावर हॉलमध्ये कोणाचा टीव्ही, कोणाचे सिलिंडर आणि एकदा तर कोणाची तरी सासू, असं काय काय मुक्कामाला आलेलं असायचं. पाणी ओसरलं की सामान खाली जायचं. सगळं नाही. तळमजल्यावरच्या राजेश सकपाळचं कपाट गेल्या पुरात वर आलं ते मुरारीच्या बेडरूममध्येच राहिलं. वर आणताना चार माणसं लागली होती. खाली न्यायची वेळ आली तेव्हा चौघांच्याही कमरेत एकाच वेळी उसण भरली. "परत पावसाळा येणारच की," असं म्हणून राजेशने विषय मिटवला आणि तो रोज सकाळी पँट घ्यायला वर येऊ लागला.

मुरारीने हे सगळं सोसलं. पण एका सकाळी तो अंघोळ करून, कमरेला पंचा लावून बेडरूममध्ये शिरला, तर राजेश कपाटात डोकं घालून उभा.

"मुरारी, माझी ती राखाडी पँट बघितलीस का रे?" त्याने मागे न वळता विचारलं.

पंचा लावलेल्या माणसाला आपल्याच बेडरूममध्ये दुसऱ्याच्या पँटबद्दल विचारणा व्हावी, हा अपमान आहे की नाही, यावर कायद्यात स्पष्ट तरतूद नाही. मुरारीने मात्र मनाशी निकाल दिला. त्यात भर म्हणजे त्याच आठवड्यात मोबाईलवर बातमी फिरली, की बिरवाडीत कामगारांच्या खोलीचं दार चोरांनी खांदा मारून उघडलं आणि आत काहीच न मिळाल्यामुळे जाताना कुलूपच नेलं.

"आपण दाराचं काहीतरी केलं पाहिजे," मुरारी म्हणाला.

"आपल्याकडे चोर कशाला येईल?" नूतन वह्या तपासता तपासता म्हणाली. "त्याला उभं राहायला जागा कुठे आहे?"

सल्ले मात्र लगेच यायला लागले. राजेश म्हणाला, दाराबाहेर चार जोड चपला ठेव, चोराला वाटतं घर भरलेलं आहे. मुरारीच्या दाराबाहेर आधीच इतके जोड असायचे, की त्यातले आपले कुठले हे त्याला रोज शोधावं लागायचं. तळमजल्यावरची चंद्राबाई म्हणाली, कुत्रा पाळ. पण जो कुत्रा या इमारतीतल्या सगळ्यांना ओळखून शेपूट हलवणार, तो पाहुण्या चोराशीच तेवढा उद्धटपणे का वागेल, हे मुरारीला पटेना. शेवटी तो बाजारपेठेतल्या विपुलकडे गेला. विपुल कालपरवापर्यंत मोबाईलची कव्हरं विकायचा, आणि आता त्याच काउंटरवर लोकांची सुरक्षितता विकत होता.

"काका, कुलूप म्हणजे फक्त मेंटल सॅटिस्फॅक्शन," विपुल म्हणाला. "दार तुटतं कुठून? चौकटीतून. स्क्रू एवढेसे असतात. एक लाथ, खेळ खतम."

मग त्याने ती काढली. पोलादी दांडी, माणसाच्या छातीइतकी उंच. वर बेचक्यासारखं तोंड, खाली जाड रबरी पाय. "बेचकं आतल्या हँडलखाली, पाय फरशीवर. दांडी तिरकी. आता बाहेरून ढकला. जेवढं ढकलाल, तेवढी ती घट्ट बसणार. हत्ती आणा."

"महाडात हत्ती कुठला?"

"उदाहरण, काका."

रविवारी विपुलने येऊन चौकटीला लोखंडी पट्टी ठोकली, बोटभर लांब स्क्रू घातले आणि आतून दांडी लावली. बाहेरून मुरारीने खांदा दिला. मग धावत येऊन दिला. मग नूतनच्या नकळत जिन्याच्या टोकापासून धावत येऊन दिला. दार हललं नाही. पुढचे कित्येक दिवस खांद्याला मलम चोळताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते नूतनने लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नव्हतं. आपल्याच घरात आपल्याला शिरता येत नाही याचा इतका आनंद झालेला दुसरा माणूस रायगड जिल्ह्यात नसावा.

त्याने खिळ्यावरची चावीही काढून घेतली.

रिकामा खिळा सगळ्यात आधी दिसला तो बुद्धरत्न गायकवाडांना. ते पंचायत समितीतून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर राहणारे आणि सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी सभा बोलावली.

"चावी खाजगी आहे, हे मान्य," बुद्धरत्न म्हणाले. "परंतु खिळा सार्वजनिक आहे. सार्वजनिक खिळा रिकामा ठेवण्याचा अधिकार एकट्या सभासदाला आहे का, हा प्रश्न आहे."

"आणि माझ्या पँटींचा?" राजेश म्हणाला.

"तो वेगळा विषय आहे, सकपाळ. तो आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

खिळ्यावर चर्चा चहाच्या दोन फेऱ्या चालली. खिळा मूळ कोणी ठोकला हे निघालं, तो ठोकताना कोणाचा अंगठा ठेचला होता हेही निघालं. अखेर अलिबागच्या जिल्हा कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवावं आणि ते येईपर्यंत खिळ्याला कोणीही काहीही अडकवू नये, असं ठरलं. म्हणजे मुरारी जिंकला. फक्त चंद्राबाई तेवढी काही बोलली नव्हती. उठताना तिने विचारलं, "मुरारी, भोंगा झाला तर रे?"

चंद्राबाईची घरघंटी होती. अख्ख्या आळीचं दळण तिच्याकडे यायचं आणि त्यावर तिचं चालायचं. पहिली घरघंटी मोठ्या पुरात गेली. चिखलातून उपसून काढली तेव्हा तिच्यातून मासा निघाला, असं लोक हसत सांगतात. चंद्राबाई त्या गोष्टीला कधी हसलेली नाही. नंतर गोधड्या शिवून, बचतगटातून उचल घेऊन तिने दुसरी आणली. हीही गेली तर तिसरी येणार नाही, हे ती कोणाला सांगत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, आई आहे ना आता घरात," मुरारी म्हणाला. "नुसती हाक मारायची. ती उघडेल."

आई, म्हणजे धोंडूबाई, आठवड्यापूर्वीच पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून खाली आली होती. तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून पाऊस वाढला की डोंगराकडे पाहून माणसं गप्प होतात, आणि म्हाताऱ्यांना खाली आणतात. डोंगर खाली येईल म्हणून आई खाली आली. पाणी वर येईल म्हणून खालचे वर येणार. या दोघांच्या मधोमध जी जागा उरली, तिथे मुरारीचा फ्लॅट होता. सुरक्षिततेचा इतका सखोल विचार विपुलने केलेला नव्हता.

आईने आल्या आल्या दांडी पाहिली. "ह्यो तर अडसर."

"आई, हे इम्पोर्टेड आहे."

"आपल्या घराला सागाचा व्हता. बिबट्यासाठी. मानसांसाठी कवा घातला नाय." तिने दांडी उचलून वजन पाहिलं. "पन ह्याची खोड तीच असनार. पडवीतला बैल दाराला टेकला का अडसर जागचा हलायचा नाय. मंग तू मागल्या दारानं जाऊन बैल मागं घ्यायचास. रडत."

"रडत नव्हतो."

"शेंबूड कोनाचा गळायचा मंग? बैलाचा?"

मुरारीने विषय बदलला आणि तिला ताकीद दिली: आम्ही नसताना कडीबिडी नको, दांडीच लावायची, ओळखीची हाक आल्याशिवाय काढायची नाही. तिने मान हलवली. जन्मभर उघड्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'कुठं चाललास रे?' म्हणून विचारणारी ती बाई त्या दिवसापासून बंद दाराकडे तोंड करून बसू लागली. संध्याकाळी मुरारी घरी आला की ती दोनदा तेच विचारायची, "आज कोन कोन भेटला?" हे त्याला खटकलं होतं. पण खटकणं आणि थांबून विचार करणं यांच्यात बरंच अंतर असतं, आणि मुरारीला त्या दिवसांत खांदादुखीही होती.

जुलैच्या शेवटी पाऊस लागला तो धरूनच बसला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी भोंगा वाजला. कारखान्याने माणसं सोडली. नूतन पोलादपुरात अडकली, रस्त्यावर पाणी आलं होतं. मुरारी मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं पायी असा निघाला, आणि पोटरीभर पाण्यातून सरिता-दर्शनच्या जिन्यापाशी आला, तेव्हा जिना भरलेला होता.

म्हणजे अगदी भरलेला. दर पायरीवर एक माणूस आणि त्याच्या डोक्यावर, खांद्यावर किंवा पोटाशी त्याचा संसार. गाद्या, मिक्सर, गणपतीचं मखर, सायकल. आणि रांग हलत नव्हती. रांगेच्या शेवटी, पाण्याच्या जेमतेम वर, सगळ्यांना पुढे जाऊ देऊन मागे राहिलेली चंद्राबाई घरघंटीची वरची बाजू धरून उभी होती. खालची बाजू कठड्याला टेकलेली. तिच्या खोलीत पाणी शिरलं होतं.

"काय झालं, मावशी?"

"दार उघडत नाय," चंद्राबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. मुरारीने घरघंटीची खालची बाजू उचलून धरली.

वर काय घडलं होतं ते पायरीपायरीने खाली पोचलं. राजेश सगळ्यात पुढे, फ्रिज घेऊन. आता हाक मारायची आहे हे तो साफ विसरला. इतक्या पुरांची सवय. त्याने फ्रिजसकट दाराला खांदा दिला. दांडी बसली. उघडेना म्हणून मागच्याने जोर दिला. दांडी आणखी बसली. मग फ्रिज दारावर रेलला, फ्रिजवर राजेश रेलला, राजेशवर गाद्या रेलल्या. आत धोंडूबाई दांडी ओढत होती आणि बाहेर अख्खी इमारत तिच्याविरुद्ध उभी होती. विपुलने सांगितलेलं सगळं शब्दशः खरं ठरत होतं, फक्त हत्तीऐवजी शेजारी होते.

"दार तोडा!" कोणीतरी ओरडलं.

"तुटणार नाही," मुरारी खालून म्हणाला. "बोटभर लांब स्क्रू आहेत." हे सांगताना त्याच्या आवाजात किंचित अभिमान आला. तो सगळ्या जिन्याने ऐकला.

"वा! वा मुरारी!" वरून राजेश म्हणाला. "जाळीवाले परवडले! त्यांचं निदान बाहेरून दिसतं तरी!"

हे लागलं. चोर म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं. मुरारीने मान वर केली, पण चंद्राबाई त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती खालच्या पायरीकडे पाहत होती. मघाशी दिसत असलेली ती पायरी आता दिसत नव्हती.

जिन्यात सल्ल्यांचा गलका झाला. खिडकीतून जा, फायर ब्रिगेड बोलवा, दाराला तेल सोडा. तेवढ्यात दारापलीकडून, फ्रिज, गाद्या आणि माणसं भेदून एक खणखणीत हाक आली. डोंगराच्या या वाडीवरून त्या वाडीला ऐकू जावी अशी.

"मुरारीऽऽ! बैल मागं घे रेऽऽ!"

"बैल कोण?" राजेशने विचारलं.

मुरारीला मात्र सगळं एकदम दिसलं. अंधारी पडवी, दाराला टेकलेलं ते ढिम्म धूड, आणि त्याच्या छातीला दोन्ही हात लावून मागे रेटणारा आपण. पुढे जायचं असेल तर आधी मागे सरायला हवं, हे तिथे सहा वर्षांच्या पोराला कळत होतं.

"ढकलू नका!" तो ओरडला. "कोणी ढकलू नका! सगळे एक पायरी मागे या. फ्रिज दारापासून सुटला की आई दांडी काढेल!"

बोलणं सोपं होतं. पण मागे म्हणजे खाली, आणि खाली पाणी. वर जायला निघालेल्या माणसाला पुराच्या दिवशी एक पायरी खाली उतर म्हणणं म्हणजे काय, ते महाडकरालाच विचारावं. कोणी हललं नाही.

"सूचना विचार करण्यासारखी आहे," मधल्या वळणावरून बुद्धरत्न म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पुस्तकांची पेटी होती. "परंतु वरचा सभासद खाली यायचा तर खालच्याने जागा केली पाहिजे. म्हणजे सुरुवात सगळ्यात खालून झाली पाहिजे. सगळ्यात खाली कोण आहे?"

सगळ्यात खाली मुरारी होता. त्याच्या मागे पायऱ्या होत्या, पण त्या मातकट पाण्याखाली. चंद्राबाईने आता त्याच्याकडे पाहिलं.

"मुरारी," ती हळू म्हणाली, "हिला पानी लागला ना..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

"नाही लागणार, मावशी. तुम्ही नुसता तोल धरा. वजन माझ्यावर सोडा."

त्याने घरघंटी छातीशी कवटाळली. दुखऱ्या खांद्यातून कळ गेली. मग पाय मागे टाकला. पायरी सापडेना. त्याने पायाने चाचपलं, सापडली. पाणी गुडघ्यावर आलं. दुसरा पाय. घरघंटी त्याने हनुवटीपर्यंत उचलली, आणि तिच्यावरून त्याला फक्त चंद्राबाईचे डोळे दिसत होते. चंद्राबाई एक पायरी उतरली. तिच्या मागचा सायकलवाला उतरला. मखर उतरलं. बुद्धरत्न पेटीसकट उतरले आणि "पुढे," म्हणाले, म्हणजे मागे. एकेक पायरी करत ती हालचाल जिनाभर वर चढत गेली, आणि वरच्या टोकाला राजेशने फ्रिजला मिठी मारून त्याला दारापासून वीतभर मागे ओढलं.

आत टक् असा आवाज झाला. इतकाच.

दार उघडलं. दांडी हातात काठीसारखी धरून धोंडूबाई उभी होती. जिनाभर ओथंबलेल्या माणसांकडे तिने डोळे भरून पाहिलं. खाली आल्यापासून इतकी माणसं तिने पाहिली नव्हती.

"या गो, या रे," ती म्हणाली. "पाय तेवढे पुसा."

घरघंटी सगळ्यात शेवटी वर आली आणि मुरारीच्या पलंगावर, गादीच्या मधोमध ठेवली गेली. चंद्राबाईने वाकून तिच्या बुडाला हात लावला. सगळ्या बाजूंनी लावला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"कोरडी हाय," ती म्हणाली. मुरारीला ती चार शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

तो भिंतीशी ओला बसून राहिला. आपण दाराला इतकं मजबूत केलं ते कोणासाठी, हे तो आठवू पाहत होता. चोराचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. त्या जागी राजेशच येत होता, पँट शोधणारा. धोंडूबाई दारातच बसून पहिल्या मजल्यावरच्यांना 'तुमचा गाव कुठला?' विचारत होती. ते पंधरा वर्षं इथेच राहत होते, पण त्यांनाही विचारणारं कोणी भेटलं नव्हतं.

नूतनचा फोन आला. "सगळे ठीक ना? घरात कोण आहे?"

"सगळे," मुरारी म्हणाला.

"आणि चोर?"

"त्याला उभं राहायला जागा नाही."

पलीकडे ती हसली, आणि त्याला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पाऊस उताराला लागला तशी चंद्राबाई म्हणाली, "मुरारी, दार लाव बाबा. दांडी पन घाल. सगळ्यांच्या जिवाचा सामान आत हाय."

मुरारीने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. तो उठला, दार लावलं, बेचकं हँडलखाली घातलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या दाराआड चोरण्यासारखं काही होतं. तो वळतो न वळतो, तोच बाहेरून दारावर धप्पकन काहीतरी आदळलं.

"ढकलू नकाऽऽ!" अख्खी इमारत एका आवाजात ओरडली. "मागं सराऽऽ!"

बाहेर एक पायरी उतरल्याचा आवाज. मुरारीने दांडी काढली.

बाहेर विपुल उभा होता. केसांपासून पाणी निथळत होतं आणि डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला भलामोठा खोका होता. दारावर आदळला होता तो खोकाच.

"काका, दुकानात पाणी शिरलं," तो म्हणाला. "दांड्यांचा नवा माल आहे. रात्रीपुरता ठेवू का? दुकानाच्या वर राहणाऱ्यांकडे गेलो होतो, पण ते उघडतच नाहीत."

"का?" बुद्धरत्नांनी आतून विचारलं.

विपुलने खाली पाहिलं. "गेल्याच महिन्यात बसवून दिली त्यांना."

राजेशने मुरारीच्या हातातली दांडी अलगद काढून घेतली, आपल्या फ्रिजवरून गाद्यांच्या ढिगावर आडवी टाकली आणि तिच्यावर ती राखाडी पँट वाळत घातली. मुरारीने विपुलच्या डोक्यावरचा खोका उतरवला. ठेवायला आत खरोखरच जागा नव्हती. म्हणून त्याने तो उघड्या दाराला टेकवून ठेवला, वाऱ्याने दार लागू नये म्हणून. खोका चांगला जड होता. दार रात्रभर हललं नाही.